पाणी, पटकी आणि पाप

(उपदेशकांच्या वर्गासाठी अभ्यासलेख. प्रथम वाचावे : योहान ९:१–७; लूक १३:१–५; मार्क ७:१–२३.)

आपल्या मराठी भाषेत ‘शास्त्र’ हा एकच शब्द दोन कामांस जुंपलेला आहे. मंडळीत आपण ‘शास्त्रात असे लिहिले आहे’ म्हणतो, तेव्हा मोशे, संदेष्टे व प्रेषित आपल्या डोळ्यांपुढे असतात. शाळेतील मुलगा ‘शास्त्राचा तास’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काचेची नळी व चुंबक असतो. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये भांडण आहे की काय, असा प्रश्न खेड्यापाड्यांतील उपदेशक बंधू आम्हांस वारंवार विचारतात. ज्यांची मुले तालुक्याच्या कॉलेजात शिकून घरी येतात, ते तर फारच काळजीने विचारतात. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा एका लेखात निकाल लावावा असा आमचा हेतू नाही. त्याचे एक टोक तेवढे हाती धरावयाचे आहे.

शास्त्राने आधुनिक सुधारणेत काय भर घातली असे विचारले म्हणजे लोक पूर्वी आगगाडी, तारायंत्र व विजेचा दिवा यांची नावे घेत. आज खिशातला मोबाइल काढून दाखवितात. हे सर्व खरे; पण ही बाहेरची अवजारे झाली. अवजार बदलले म्हणून मन बदलतेच असे नाही. मोबाइलवर मुहूर्त पाहणारी माणसे आपण रोज पाहतो. आमच्या मते शास्त्राने मनुष्याच्या विचारात जो सर्वांत मोठा फरक पाडला, तो घरात दुःख शिरले असता दिसून येतो. अशा वेळी पूर्वी मनुष्याचा पहिला प्रश्न असे, ‘कोण कोपला?’ आता तो विचारू लागला आहे, ‘हे कोणत्या वाटेने आले?’ हा फरक कसा पडला ते आज आपण एका रोगाच्या, म्हणजे पटकीच्या, इतिहासावरून पाहू.

पटकीला आपल्या पणजोबांनी रोग असे कधी म्हटलेच नाही. ती मरीआई होती. गावात वांत्या व ढाळ सुरू झाले की पोतराज येई, कोंबडे-बकरे कापले जाई, आणि लाकडाचा लहानसा गाडा करून, त्यात देवीला बसवून, तो वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडीत. शिवेपलीकडे अर्थातच दुसरे गाव असे. त्या गावचे लोक भयाने तो गाडा आणखी पुढच्या शिवेवर ढकलीत. ज्यांच्या वाट्यास हे गाडा ओढण्याचे काम येई, त्यांत आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज होते. म्हणून या चालीस हसण्याचा अधिकार आम्ही तरी घेत नाही. शिवाय त्यांनी एक गोष्ट बरोबर ओळखली होती. हा रोग गावाहून गावास प्रवास करतो, हे त्यांनी पाहिले होते. तो कशावर बसून जातो, एवढेच त्यांस कळले नव्हते.

हे अज्ञान केवळ आपल्या देशात होते आणि मिशनरी ज्या देशांतून आले तेथे सर्वत्र उजेड होता, असा जो समज आपल्या काही मंडळ्यांत आहे तो चुकीचा आहे. १८१७ साली बंगालमध्ये उसळलेली पटकी फिरत फिरत १८३१ साली इंग्लंडच्या किनाऱ्यास लागली. तेथील विद्वान डॉक्टरांचे मत असे की, घाणीतून उठणारी दुर्गंधी हवेत मिसळते व ती श्वासातून आत गेली म्हणजे रोग होतो. व्यासपीठावरून पुष्कळ पाळक सांगत की, हा राष्ट्राच्या पापाबद्दल देवाचा दंड आहे. २१ मार्च १८३२ हा दिवस सरकारने साऱ्या देशाच्या उपासाचा व पश्चात्तापाचा दिवस म्हणून ठरविला. पुढे १८५३ साली रोगाची पुन्हा चाहूल लागली, तेव्हा एडिंबरो येथील प्रेसबिटरीने सरकारकडे विचारणा केली की, या वेळीही तसा उपासाचा दिवस नेमणार काय? त्या वेळचा गृहमंत्री लॉर्ड पामर्स्टन याने उत्तर पाठविले. त्याचा आशय असा की, देवाने ही सृष्टी नियमांनी बांधलेली आहे; तेव्हा प्रथम गरिबांच्या वस्त्यांतील घाण काढावी, कारण ती तशीच ठेवून केलेल्या प्रार्थना व उपास यांचा उपयोग होणार नाही.

हे उत्तर वाचून पुष्कळ धार्मिक लोकांस राग आला. त्यांचा राग आम्हांस समजतो. मंत्र्याने मंडळीस धडा शिकवावा हे कोणत्याही पाळकास रुचत नाही. तरी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय उघडून पाहावा. देवास कोणता उपास आवडतो हे संदेष्टा तेथे सांगतो, आणि त्यात गरिबाला घरात घेणे व उघड्याला वस्त्र देणे यांचे वर्णन आहे. मंत्र्याने पवित्र शास्त्राचा आधार घेतला नव्हता, तरी त्या दिवशी संदेष्ट्याच्या अधिक जवळ कोण उभे होते, याचा विचार वर्गात अवश्य करावा.

यानंतर एका वर्षाच्या आतच लंडन शहरातील सोहो नावाच्या दाट वस्तीत जे घडले, ते आम्ही थोडे विस्ताराने सांगतो. येथे ब्रॉड स्ट्रीट म्हणून एक रस्ता होता व त्यावर एक सार्वजनिक हातपंप होता. त्याचे पाणी गार व रुचकर म्हणून लांबलांबचे लोक मुद्दाम तेथून पाणी नेत. ३१ ऑगस्ट १८५४ या दिवसापासून त्या वस्तीत पटकीने एकाएकी थैमान घातले. पहिल्या तीन दिवसांत पंपाच्या आसपास १२७ माणसे मेली. ज्यांना शक्य झाले ती कुटुंबे घरे सोडून पळाली. अखेरपर्यंतचा आकडा ६१६ झाला. एकाच घरात आई-बाप दोघेही गेल्याची उदाहरणे होती.

जवळच जॉन स्नो नावाचा एक डॉक्टर राहत असे. हा यॉर्क शहरातील एका मजुराचा मुलगा; आपल्या हुशारीने वर आलेला. त्याने १८४९ सालीच एक लहान पुस्तक लिहून असे मत मांडले होते की, पटकी हवेतून येत नाही. त्याची विचारसरणी अगदी साधी होती. हा रोग प्रथम पोटात उठतो. तेव्हा त्याचे विष गिळले जात असले पाहिजे. श्वासाने आत जाते तर ते आधी छातीत उठते. रोग्याच्या मळातून ते पाण्यात जाते व पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात. पण साधी गोष्ट लोकांस पटत नाही, आणि थोरामोठ्यांनी त्या पुस्तकाकडे लक्ष दिले नाही.

आता स्नोने काय केले ते पाहा. त्याने मृत्यूंच्या सरकारी नोंदी मागून घेतल्या. त्या आठवड्याच्या ८३ मृत्यूंची यादी घेऊन तो घरोघर चालत गेला. जवळजवळ सर्व मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीच झालेले होते. दुसरा पंप ज्यांना अधिक जवळ होता अशा घरांतील मृत्यू फक्त दहा. स्नोने या दहांचाही पाठपुरावा केला. त्यांपैकी पाच कुटुंबांनी सांगितले की, आम्हांस ब्रॉड स्ट्रीटचेच पाणी आवडते, म्हणून तेच आणवितो. आणखी तिघे लहान मुले होती आणि त्यांच्या शाळेची वाट त्या पंपावरूनच जात होती.

खरा शोधक आपल्या बाजूच्या साक्षींवर थांबत नाही. उलट बाजूच्या साक्षीही तो स्वतः होऊन बोलावितो. स्नोने विचारले की, पंपाच्या अगदी शेजारी राहून वाचले असे कोणी आहेत काय? शेजारीच गरिबांचे एक कामगृह होते. त्यात ५३५ माणसे राहत, पण त्यांतील फक्त पाच पटकीने मेली. चौकशी करता कळले की, त्या गृहाची स्वतःची निराळी विहीर होती. त्याच रस्त्यावर बियर गाळण्याचा कारखाना होता व तेथे सत्तरांहून अधिक मजूर होते. त्यांतील एकही मेला नाही. त्यांना पिण्यास बियर मिळे, आणि कारखान्याचीही स्वतःची विहीर होती. (यावरून मद्यपानाचा कोणी बचाव करू नये. स्नो स्वतः मद्यनिषेधाचा पुरस्कर्ता होता. मजूर वाचले ते पंपाकडे गेले नाहीत म्हणून वाचले.) सर्वांत विलक्षण साक्ष एका विधवा बाईची. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहत असे. पुढे काही मैलांवर हॅम्पस्टेड येथे राहावयास गेली होती. जुन्या पंपाच्या पाण्याची चव तिला इतकी आवडे की, गाडीवाल्याकडून त्या पाण्याची मोठी बाटली ती रोज मागवून घेई. ती २ सप्टेंबर रोजी पटकीने मेली. तिच्याकडे येऊन तेच पाणी पिऊन गेलेली तिची भाचीही आपल्या घरी जाऊन मेली. त्या दोन्ही ठिकाणी तेव्हा पटकी नव्हती. हवा तेथपर्यंत गेली नव्हती, बाटली गेली होती.

स्नोने ही सर्व हकीगत ७ सप्टेंबरच्या संध्याकाळी तेथील पॅरिशच्या पंचांपुढे मांडली व दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. येथे गोष्ट संपली असती तर ती सांगावयास फार सोयीची झाली असती, आणि पुष्कळ लोक ती येथेच संपवितात. पण रोग त्या आधीच उतरणीस लागला होता. पुष्कळ लोक पळून गेले होते, हेही त्याचे एक कारण. दांडा काढल्यामुळेच साथ थांबली असे आपणांस म्हणता येत नाही, हे स्नोने आपल्या ग्रंथात स्वतः कबूल केले आहे. आपल्याच विजयातून एवढा मोठा भाग वजा करणारा मनुष्य विश्वास ठेवण्यास योग्य असतो. आपल्या साक्षीच्या सभांत ‘प्रार्थना केली आणि लगेच ताप उतरला’ असे सांगताना आपण इतके काटेकोर असतो काय?

आता या गोष्टीतील दुसरा मनुष्य येतो, आणि आम्हांस तर तो पहिल्याहून अधिक जवळचा वाटतो. कारण तो आपल्याच धंद्यातला आहे. हेन्री व्हाइटहेड हा सोहोतील सेंट ल्यूक चर्चचा साहाय्यक पाळक. वय २८. साथ चालू असता तो पळाला नाही. रात्रंदिवस तो त्या जिन्यांवरून वरखाली करीत होता, मरणाऱ्यांच्या उशाशी बसत होता. त्या वस्तीतील प्रत्येक दार त्याच्या ओळखीचे होते. स्नोचे मत त्याच्या कानी आले तेव्हा ते त्याला मुळीच पटले नाही. त्या पंपाचे पुष्कळ पाणी पिऊन बरे झालेले रोगी त्याने डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून डॉक्टरांची चूक आहे, आणि नीट चौकशी केली म्हणजे ती उघड होईल, असे त्याला वाटले.

पुढे पॅरिशने चौकशी समिती नेमली व व्हाइटहेड तिच्यात काम करू लागला. ब्रॉड स्ट्रीटवरील कुटुंबे तो पुन्हा एकवार पालथी घालू लागला. काही घरी तो चार-चार, पाच-पाच वेळा गेला. मेलेला कोणत्या मजल्यावर राहत होता, कोणते पाणी पीत होता, केव्हा प्याला, कोणी आणून दिले, असे बारीक प्रश्न त्याने विचारले. दुःखी माणसाच्या तोंडून अशी माहिती परक्यास मिळत नाही. ती पाळकास मिळाली, कारण साथीच्या रात्री तो त्याच घरात आलेला होता. आणि जसजशी उत्तरे जमली तसतसे त्याचेच मत पालटू लागले. स्नोचे मत खोडून काढावे म्हणून जो निघाला होता, तोच त्याचा सर्वांत मोठा साक्षीदार झाला.

एक दुवा मात्र राहिला होता. पंपाचे पाणी बिघडले असेल, तर ते प्रथम कोणी बिघडविले? मृत्यूंच्या नोंदी चाळताना व्हाइटहेडच्या नजरेस एक ओळ पडली. पंपाच्या अगदी समोरच्या ४० नंबरच्या घरात एक तान्हे मूल ढाळ होऊन २ सप्टेंबरला मेले होते, आणि ते चार दिवस आधीपासून, म्हणजे साथ उसळण्यापूर्वीपासून, आजारी होते. व्हाइटहेड त्या आईकडे गेला. तिने सांगितले की, मुलाची घाण झालेली फडकी धुऊन ते पाणी आपण घरापुढील मैल्याच्या खड्ड्यात ओतीत होतो. खड्डा उकरून पाहिला. त्याच्या विटा कुजून गेल्या होत्या, आणि पंपाची विहीर तेथून तीन फुटांहून कमी अंतरावर होती. मधली माती मैलापाण्याने भिजलेली सापडली. आणखी एक गोष्ट कळली : त्या मुलाचा बाप ८ सप्टेंबरला, म्हणजे दांडा काढला त्याच दिवशी, आजारी पडला व पुढे मेला. दांडा जागेवर असता तर त्याच खड्ड्यातून साथ दुसऱ्यांदा उसळली असती.

स्नो १८५८ साली वयाच्या ४५ व्या वर्षी मरण पावला. त्याचे मत खरे ठरल्याचे त्याने पाहिले नाही. १८५५ साली सरकारी आरोग्य मंडळाच्या विद्वानांनी तर ते मान्य करण्यास कारण दिसत नाही असाच अभिप्राय दिला होता. व्हाइटहेड १८९६ पर्यंत जगला, आणि स्नोचे चित्र त्याने आपल्या अभ्यासाच्या खोलीत ठेवलेले होते.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख हा १८८३ च्या अखेरीस कलकत्त्यास आला. स्वल्पविरामासारखा वाकलेला एक सूक्ष्म जंतू पटकीच्या रोग्यांच्या आतड्यात असतो, हे त्याने तेथे पक्के केले; आणि ज्या तळ्याच्या काठी पटकीचे बळी पडले होते, त्या एका तळ्याच्या पाण्यातही तो त्याला सापडला. तरी म्युनिक शहरातील पेटेनकोफर नावाच्या थोर पंडितास हे पटले नाही. त्याने १८९२ साली असे जंतू असलेले पाणी हट्टाने स्वतः पिऊन दाखविले. त्याला थोडेसे ढाळ झाले व तो वाचला. त्यामुळे त्याचा हट्ट अधिकच वाढला. त्याच वर्षी हँबुर्ग शहरात पटकीने सुमारे ८,६०० माणसे मेली. त्याला लागूनच असलेले आल्टोना शहर त्याच नदीचे पाणी पीत होते. पण ते वाळूतून गाळून पीत होते, म्हणून बहुतेक वाचले. सारांश, शास्त्रज्ञही मनुष्यच असतात व तेही गर्वास बळी पडतात. पण त्यांच्या पद्धतीत एक सद्गुण आहे. एकाचा गर्व दुसऱ्याच्या पुराव्यापुढे फार दिवस टिकत नाही.

आता त्या ४० नंबरच्या घरातील आईकडे आपण परत जाऊ. तिचे मूल गेले, पती गेला, आणि तिने ओतलेल्या पाण्यातून शेकडो शेजाऱ्यांकडे मरण गेले. कोणाच्या पापामुळे हे झाले? जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी प्रभूस नेमका हाच प्रश्न विचारला होता : याने पाप केले की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले आणि जमिनीवर थुंकून, चिखल करून, तो कामास लागला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, त्यांच्याविषयीही ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, हेच त्याने सांगितले. पश्चात्तापाची हाक त्याने दिली ती ऐकणाऱ्यांस. मेलेल्यांच्या माथी त्याने दोष मारला नाही. ‘कोण कोपला?’ हा प्रश्न शास्त्रज्ञांनी सोडून दिला म्हणून आपण घाबरतो. पण आपल्या प्रभूने तो त्यांच्याही फार पूर्वी बाजूला सारला होता. आपणच तो पुन्हा उचलून घेतला.

हे आम्ही दुसऱ्यांस बोल लावण्यासाठी लिहीत नाही. सेमिनरीतून बाहेर पडून आम्ही पहिल्या मंडळीत गेलो, त्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. एका घरी दोन वर्षांच्या मुलास ढाळ लागले होते. म्हाताऱ्या माणसांनी सांगितले होते की, पाणी दिले तर ढाळ वाढतील. म्हणून आई त्याला पाणी देत नव्हती. मूल ओठ चाटीत होते. आम्ही गुडघे टेकून प्रार्थना केली, आईस धीर दिला व निघून आलो. पाण्याविषयी आम्ही एक अक्षर बोललो नाही, कारण आम्हांस त्यातले काही ठाऊक नव्हते. पहाटे मूल गेले. मातीच्या वेळी मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले की, या घरची माणसे गेल्या महिन्यात जत्रेत नारळ फोडून आली, त्याचे हे फळ. आई ऐकत होती. आम्ही हातात पुस्तक घेऊन उभे होतो आणि आम्ही गप्प बसलो. पहिल्या चुकीस अज्ञानाची सबब आहे. दुसरीस नाही, कारण योहानाचा नववा अध्याय आम्हांस पाठ होता.

याच संबंधात मार्काच्या सातव्या अध्यायाविषयी बोलणे अवश्य आहे, कारण त्याचा दुरुपयोग आम्ही कानांनी ऐकला आहे. शिष्यांनी न धुतलेल्या हातांनी भाकरी खाल्ली व प्रभूने त्यांची बाजू घेतली. तेव्हा साबणाने हात धुण्याचा एवढा आग्रह कशाला, असे एका उपदेशकाने आरोग्यसेविकेस उत्तर दिले. परूशी हात धूत ते मळ काढण्यासाठी नव्हे. बाजारात अन्य जातीच्या माणसांचा स्पर्श झाला असेल, त्याचा विटाळ जावा म्हणून धूत. प्रभूने त्या विटाळाच्या कल्पनेस नाकारले. त्याने घाणीची तरफदारी केली नाही.

हा भेद आपल्याइतका कोणास कळावा? शतकानुशतके या देशात पाणी शुद्ध की अशुद्ध हे त्यात काय पडले यावरून ठरत नव्हते; त्याला कोणी हात लावला यावरून ठरत होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाड येथील चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. ते तळे नगरपालिकेने कायद्याने आधीच सर्वांस खुले केले होते, आणि गुरेढोरे तर तेथे पाणी पीतच होती. तरी माणसांच्या स्पर्शाने तळे बाटले असे ठरवून, ते शुद्ध करण्यासाठी दही, दूध, शेण व गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी त्यात ओतण्यात आल्या. पुढे १९३७ साली मुंबईच्या हायकोर्टाने अस्पृश्यांचा हक्क मान्य केला. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली त्या तळ्याचे दोन थेंब, ओंजळीपूर्वीचा व घागरींनंतरचा, ठेवून पाहिले असते तर कोणता थेंब अधिक मलिन दिसता, हे सांगावयास शास्त्रज्ञाची गरज नाही. जंतूला जात नाही. तो ब्राह्मणाच्या तांब्यात व महाराच्या मडक्यात सारखाच वाढतो. मनुष्याचा स्पर्श आणि मनुष्याची घाण या दोन गोष्टी निराळ्या आहेत हे शास्त्राने दाखवून दिले, आणि त्यामुळे अस्पृश्यतेच्या पायाखालचा एक मोठा धोंडा निखळला. आम्हांस येथे लाजेने एक वाक्य जोडावे लागते. आपल्याही काही मंडळ्यांत पूर्वीच्या जातींप्रमाणे पाण्याचे हंडे व लग्नाच्या पंगती अजून निराळ्या आहेत. त्यांस ना या शास्त्राचा आधार आहे, ना त्या.

मात्र शास्त्राने वाट दाखविली म्हणून मनुष्य त्या वाटेने चालतोच असे नाही. २०१० साली हैती देशात भूकंपानंतर पटकी पसरली व सुमारे दहा हजार माणसे मेली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या एका छावणीतील मैला नदीत गेल्यामुळे ती आली होती. स्नो जाऊन दीडशे वर्षे झाली होती. ज्ञान सर्वांपाशी होते, खड्डा मात्र कोणी नीट बांधला नव्हता. त्या संघटनेस आपली जबाबदारी उघडपणे बोलून दाखविण्यास २०१६ साल उजाडावे लागले. पुराव्यापुढे मान लवविणे आणि शेजाऱ्यापुढे चूक कबूल करणे हे गुण प्रयोगशाळेत लागतात, पण तेथे तयार होत नाहीत.

आता शेवटची गोष्ट. ती त्या मुलासाठी आहे, ज्याला आम्ही पाणी दिले नाही. पटकीत किंवा साध्या ढाळांत मनुष्य मरतो तो मुख्यतः अंगातले पाणी व मीठ निघून गेल्याने मरतो. नुसते पाणी आतड्यात पुरेसे शोषले जात नाही; पण पाण्यात थोडी साखर व थोडे मीठ असले म्हणजे साखर आपल्याबरोबर मिठाला आत ओढते व मिठामागे पाणी जाते, हे १९६० च्या सुमारास शास्त्रज्ञांस उमगले. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधील बनगाव येथे, पटकी माजली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करवून पिंपे भरून ठेविली, आणि रोग्यांच्या आया-बहिणींकडूनच ते त्यांस पाजविले. शंभरांत तीसच्या आसपास मरत होते, ते चारांहूनही कमी मरू लागले. सुई नाही, यंत्र नाही. पेला, पाणी आणि उशाशी जागणारे माणूस एवढेच लागले.

उपदेशकांनी पुढील माहिती आपल्या वहीत उतरून घ्यावी व बायकांच्या सभेत करून दाखवावी. उकळून गार केलेले एक लिटर पाणी घ्यावे. त्यात सहा लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ घालावे; चमचे सपाट असावेत, शिगोशीग नव्हेत. मीठ अधिक पडल्यास अपाय होतो. चव अश्रूंहून खारट लागू नये. प्रत्येक ढाळानंतर हे घोटघोट पाजावे. ओकारी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने द्यावे. तान्ह्या मुलाचे अंगावरचे दूध बंद करू नये. आशा सेविकेकडे किंवा सरकारी दवाखान्यात याची तयार पुडी मिळते, ती मिळाल्यास उत्तम. मुलासाठी जस्ताच्या गोळ्याही तेथेच मागाव्यात. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल सुस्त पडले किंवा मळात रक्त दिसले, तर पाणी पाजीत पाजीतच दवाखान्याची वाट धरावी व प्रार्थना वाटेत करावी. केलेले पाणी झाकून ठेवावे. चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यावे व नवे करावे.